हातओळख

ओपीडीची खिडकी उघडायच्या आधी अनुसया लोखंडे स्वतःच्या डाव्या दंडाला एक चिमटा काढायची आणि उजवा दंड जैतुनमावशीपुढे करायची. मावशी झाडू भिंतीला टेकवून, हात पदराला पुसून असा काही चिमटा काढायची की सिस्टरबाईंनी जागच्या जागी टाच उचलावी.

"अगं, कातडं माझं आहे. थोडं ठेव मला."

"ठिवलंय की. तुमची सासू असते तर ठिवलं नसतं."

मग त्या दोन लाल डागांवर मशीनचा डोळा धरायचा. डाव्या दंडावर धरला की पडद्यावर ‘स्व’ उमटायला हवं, उजव्यावर ‘पर’. तसं उमटलं की मशीन दिवसभरासाठी लागलं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण तांबेवळणची माणसं त्याला हातओळख म्हणत. जखम स्वतःच्या हातानं झाली की दुसऱ्याच्या, एवढं एकच ते सांगायचं, आणि ते सांगायला त्याला कुणाची जबानी लागायची नाही.

शास्त्र समजायला अवघड नव्हतं. आपणच आपल्याला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. का येत नाही? कारण मेंदू हाताला ‘चल’ म्हणतो तेव्हाच कातड्यालाही कळवून ठेवतो, ‘येतंय बरं का.’ मग कातडं दचकत नाही. नव्यानं सापडलं ते एवढंच, की ही आगाऊ खबर कातड्यात खूण सोडून जाते. वार पडायच्या पळभर आधी तिथल्या मज्जातंतूंची टोकं एक द्रव्य सोडतात, आणि जखमेच्या कडेला ते चार-पाच दिवस टिकतं. खूण असेल तर हात स्वतःचा, नसेल तर परका.

आधी मशीन मारामारीच्या केसेससाठी आलं. मग एका वर्षात लागोपाठ बऱ्याच कॉलेजांतली पोरं गेली, टीव्हीवर रडारड झाली आणि जपणूक कायदा आला. ‘स्व’ उमटलं की त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. मशीनमधूनच जवळच्या नातेवाइकाला निरोप जाणार, आणि तो आला की पेशंट त्याच्या ताब्यात. लग्न झालं नसेल तर आईबापाच्या, झालं असेल तर नवऱ्याच्या नाहीतर बायकोच्या. हेतू चांगला होता. वाईट हेतूनं केलेले कायदे लोक निदान वाचून तरी बघतात.

अनुसयाला मशीनचा अभिमान होता. वीस वर्षं तिनं कॅज्युअल्टीत खोटं ऐकलं होतं. जिन्यावरून पडले, म्हैस लागली, दार लागलं. आता कुणाला काही विचारावंच लागत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या बाईंनी नववीतली एक मुलगी आणली होती. तिच्या हातावर बारीक ओळी होत्या. ‘स्व’. उत्तर बरोबरच होतं, मुलीनंही नाकारलं नाही. तिनं फक्त विचारलं, "बाबांना मेसेज गेला का?"

"गेला बाळा."

"परत घेता येतो का तो?"

पोर ओरडा बसेल म्हणून भितेय, असं अनुसयाला वाटलं. तिनं मुलीच्या केसांवरून हात फिरवला, बिस्किटांचा पुडा दिला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मशीननं मुलीला ‘का’ विचारलं नव्हतं, म्हणून तिनंही विचारलं नाही.

चैत्रात पोतराज आला. बाजारात कुणीतरी तक्रार केली म्हणून हवालदार ढेकळे त्याला घेऊन आले होते. भर बाजारात त्यानं स्वतःवर आसूड ओढलेले, निम्म्या गावानं मोबाइलवर उतरवून घेतलेलं. आणि मशीन म्हणालं, ‘पर’. पुन्हा लावलं, पुन्हा ‘पर’.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "म्या कुटं मारलं, बाई? अंगात आई हुती. तिनं मारलं."

ढेकळे हसून हसून खुर्चीवरून पडायचेच राहिले. "मग आईवर गुन्हा दाखल करू का? पत्ता सांग तिचा!"

पुण्याहून कंपनीचा माणूस आला, त्यानं मशीन उघडलं, बंद केलं, आणि ठणठणीत आहे असं सांगून जेवून गेला.

चिमट्यांचं मात्र अनुसयानं त्यालाही सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर कधीतरी एका सकाळी जैतुनमावशीच्या चिमट्यावर ‘स्व’ उमटलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. मशीन लागेना, बाहेर रांग वाढत चाललेली. मावशीनंच तोड काढली. रांगेतल्या एका बाईला आत घेतलं, म्हणाली, "ह्या सिस्टरबाईस्नी एक चिमटा काढा, पुण्य लागंल." ‘पर’ आलं, मशीन लागलं. तेव्हापासून मावशीचा चिमटा नुसता गमतीचा आणि कामाचा चिमटा रोज नव्या माणसाचा. असं का होत असेल, याचा विचार करायला दोघींनाही सवड नव्हती.

आषाढ संपता संपता, एका दुपारी, प्रणिता आली.

प्रणिता म्हणजे अनुसयाची सून. हर्षलची बायको, चाकणला राहणारी, बार्शीचं माहेर. येताना एकटीच एसटीनं आली होती, खांद्याला एक पिशवी, आणि एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता. ती घरी गेली नाही. सरळ ओपीडीच्या रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर आत येऊन स्टुलावर बसली.

"अगं, फोन तरी करायचास! हर्षल कुठंय?"

"कामावर. आई, मला मशीनवर घ्या."

अनुसयाच्या हातातलं काम थांबलं. गेले सात-आठ महिने हर्षल फोनवर हेच सांगत होता. आई, प्रणिता स्वतःला लावून घेते गं. मी किती समजावतो. तिनंही आईसारखा सल्ला दिला होता. प्रेमानं घे, एकटी सोडू नकोस, डॉक्टरला दाखव. तिचा नवरा दगडू ट्रकसकट घाटात गेला तेव्हा हर्षल सातवीत होता. त्या पोरानं कधी आईचा शब्द खाली पडू दिला नव्हता. बॅटऱ्यांच्या कारखान्यात सुपरवायझर झाला तेव्हा पहिला पगार आणून तिच्या पायावर ठेवला होता.

"ते म्हणतात मी करते," प्रणिता म्हणाली. "त्यांचे मित्र म्हणतात. बार्शीला आई म्हणाली, तुला लहानपणापासूनच घुम्मं राहायची खोड. तुम्ही त्यांच्या आई, तुम्हाला मी काय विचारणार? पण मशीन तर कुणाचं नाही ना?"

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी नाही करत." मग जरा थांबून, "म्हणजे, नसेन करत."

तिनं बाही वर केली. अनुसयानं कॅज्युअल्टीत पुष्कळ दंड पाहिले होते. तिनं चेहरा नर्सचा ठेवला आणि मशीनचा डोळा एकेका डागावर धरला.

‘स्व’. ‘स्व’. पाठीवर, जिथं स्वतःचा हात नीट पोचतही नाही, तिथंही ‘स्व’.

आणि खाली हिरव्या अक्षरात: निरोप पोचला. हर्षल लोखंडे. पती.

प्रणिता पडद्याकडे बघत राहिली. रडली नाही. फळ्यावर आपलं गणित चुकलेलं दिसावं तशी ती बघत होती.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "खरंच मीच आहे तर."

तिच्या पाठीवरचा तो डाग अनुसयाच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं जैतुनमावशीला प्रणिताजवळ बसवलं आणि डॉक्टर किणीकरांची खोली गाठली. किणीकर वयानं लहान, बोलायला तिखट, पण ऐकून घेणारी बाई. अनुसयानं तिला पाठीचं सांगितलं. मग, नाइलाजानं, चिमट्यांचंही सांगितलं.

"हे मला आज सांगताय, सिस्टर?"

"मशीन लागत होतं ना मॅडम. काम अडत नव्हतं."

किणीकरनं कपाळ हातात धरलं.

"मावशी रोज त्याच वेळी, त्याच जागी चिमटा काढते," ती म्हणाली. "तुमचा दंड तिची वाट बघायला लागला, एवढंच झालंय. मशीन हात ओळखतच नाही, सिस्टर. ते वाट बघणं ओळखतं. वार येणार हे शरीराला आधी कळलं होतं का, तेवढंच त्याला दिसतं. एरवी आधी कळतं ते आपल्याच हाताचं, म्हणून आपण म्हटलं ‘स्व’. तुमच्या त्या पोतराजाला आपला हात आपला वाटतच नव्हता. त्याला आसूड अवचित लागत होता."

"आणि जिला रोज मार बसतो?"

किणीकरनं पेनाचं टोपण काढलं.

"मी जिल्ह्याला लिहिते," ती म्हणाली. "दोन वर्षांतलं एकेक उत्तर पुन्हा उघडावं लागेल, आणि पहिली चौकशी तुमची होईल. पण तोवर जपणूक कायदा लागू आहे. नवरा आला की तिला त्याच्याबरोबर पाठवावं लागणार. ते थांबायचं तर त्या नातेवाइकावरच गुन्हा नोंदलेला हवा, आणि ‘स्व’ आलेल्या माणसाची तक्रार एकट्याची चालत नाही. दुसऱ्या कुणीतरी द्यावी लागते."

"दुसरं कोण?"

"जो कुणी सांगू शकेल तो," किणीकर म्हणाली, आणि तिच्याकडे न बघता कागद ओढून लिहायला लागली.

अनुसया परत आली तेव्हा मावशीनं प्रणिताला केळं खायला लावलं होतं. मावशी बाहेर गेली. अनुसयानं मशीनची वायर काढली आणि स्टूल ओढून सुनेच्या समोर बसली.

"हे बघ. मशीन चुकतं. मी आत्ता विचारून आलेय. तू नाही केलंस."

तिला वाटलं होतं, पोरीचा चेहरा उजळेल. प्रणितानं मान हलवली.

"सगळं नाही चुकलं, आई. हा खालचा आहे ना, हा मीच केला."

"का गं?"

या खोलीत दोन वर्षांत हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला.

"जेवताना ते एकदम गप्प झाले की कळतं, आज आहे. पण कधी, ते कळत नाही. भांडी घासताना, की झोप लागल्यावर. नुसतं बसून राहायचं, कान तिकडे लावून. त्या दिवशी मला ते बसणंच सोसेना. म्हटलं, होणारच आहे तर आपणच उरकून टाकावं." ती हातातल्या केळ्याच्या सालीची घडी घालत होती. "आणि खरंच आई, त्या दिवशी त्यांनी काही केलं नाही. हळद लावली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलेसुद्धा. म्हणाले, असं का करतेस गं तू स्वतःला? तेव्हापासून मला कळेनासं झालंय. हा मी केला, मग बाकीचेही मीच केले असतील का?"

अनुसयाला त्या नववीतल्या मुलीचा आवाज आठवला. परत घेता येतो का तो? तिनं प्रणिताचा हात हातात घेतला. पण मनाचा एक कोपरा अजून वकिली करत होता. ही एक स्वतः केल्याचं कबूल करते. आपण डोळ्यांनी काय पाहिलंय? फोनवर काळजीनं बोलणारा आपला पोरगा आपल्याला माहीत आहे. आणि पाठीवरचा तो डाग? दाराची कडी लागली असेल. बाथरूममध्ये घसरली असेल. स्वतःच्या पोरासाठी ती नेमकं तेच रचत होती, जे वीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

ऊन उतरता उतरता हर्षल आला. घामेजलेला, डोळे लाल. आईच्या पाया पडला.

"किती वाळलीस गं आई. जेवतेस का वेळेवर?" मग प्रणिताकडे बघून, अगदी हळू आवाजात, "घाबरवलंस ना मला. सांगून यायचं."

"चुकलंच माझं," प्रणिता म्हणाली.

"असू दे. आता कळलं ना सगळ्यांना, बरं झालं. आई, तुलाही माझं खरं वाटत नव्हतं थोडं, हो ना? मशीनच बोललं शेवटी." तो थकून हसला. लहानपणी परीक्षेचा निकाल सांगताना हसायचा तसाच. "चल प्रणिता. उशीर होईल. पिशवी कुठंय?"

पिशवी तिच्या डोक्यामागे, भिंतीच्या खुंटीला होती. हर्षलनं ती काढायला हात उचलला.

प्रणिता दचकली नाही. अंगही चोरलं नाही. गावाकडच्या पावसाचं कायसं ती अनुसयाला सांगत होती, ते सांगतच राहिली. सांगता सांगता तिनं हातातला पाण्याचा पेला बाजूच्या टेबलावर, सांडणार नाही असा, आत सरकवून ठेवला. चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या आणि तो मुठीत झाकून घेतला. आणि मान किंचित डावीकडे करून थांबली. बसमध्ये कुणी उतरायला निघालं की आपण गुडघे बाजूला घेतो, तशी.

हर्षलनं पिशवी काढली.

प्रणितानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. आपण काय केलं याचा तिला पत्ताही नव्हता.

हर्षलला होता. तो बायकोकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. आईनं काय पाहिलं ते तो तिच्या तोंडावर शोधत होता. अनुसयानं पुन्हा एकदा नर्सचा चेहरा लावला. हे तिला चांगलं जमायचं.

"बस जरा," ती म्हणाली. "लांबून आलायस. चहा सांगते."

"नको आई, निघतो."

"आईच्या दवाखान्यात येऊन बिनचहाचा जाणार? बस म्हटलं ना." दारातून तिनं हाक मारली, "मावशी, इथं यांच्याजवळ बस गं. मी येईपर्यंत हलायचं नाही."

जैतुनमावशीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग आत येऊन, झाडू घेऊनच, ती दोघांच्या मध्ये स्टूल टाकून बसली.

कँटीन उजवीकडे होतं. अनुसया डावीकडे वळली. पायऱ्यांजवळच्या खोलीत रुग्णालयाची पोलीस चौकी होती. हवालदार ढेकळे भेळ खात होते.

"या सिस्टर. आज परत देवी आली का कुणाच्या अंगात?"

"तक्रार द्यायचीय. बायकोला मारहाण. बाई आत्ता आपल्याकडे आहे, नवरा न्यायला आलाय."

ढेकळेंनी भेळेचा कागद बाजूला केला, कीबोर्ड पुढं ओढला, बाईचं नाव विचारून पडद्यावर काढलं. त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"हिचं तर ‘स्व’ आहे, सिस्टर. सगळीकडे ‘स्व’. तुम्हीच लावलंय मशीन."

"मीच लावलंय. ते चुकतं. किणीकर मॅडम लिहितायत."

"मॅडम लिहू देत. मला इथं भरायला लागतं. जखमा तिच्या हातच्या कुठल्या आणि त्याच्या हातच्या कुठल्या?"

क्षणभर तिला वाटलं, तो खालचा डाग गाळावा. केस सोपी होईल. पण उद्या कुणी प्रणिताला विचारलं की ती कबूल करणार, आणि मग बाकीचंही सगळं खोटं ठरणार. आणि तसंही, गाळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"सगळ्या त्याच्या हातच्या," अनुसया म्हणाली. "त्यातली एक त्यानं तिच्या हातून करून घेतली."

ढेकळेंनी वर पाहिलं. हे कुठल्या रकान्यात बसतं ते शोधायला लागले, मग शोधायचं सोडून त्यांनी ते वाक्य आहे तसं टाइप केलं. एका बोटानं, सावकाश.

"तुम्ही काय पाहिलंत?"

"त्यानं हात वर केला. तिनं चष्मा काढून ठेवला."

"बस? एवढंच?"

"तुमच्या घरी करतं का कुणी असं?"

ढेकळेंनी खुर्चीत अंग हलवलं. तेही टाइप केलं.

"आरोपीचं नाव?"

"हर्षल."

"पूर्ण सांगा. आता मधे आईचं नाव लागतं, आईचं आणि मग बापाचं. त्याशिवाय हे पुढं सरकत नाही."

व्हरांड्यातून मावशीचा आवाज येत होता. कुणाला तरी ती दटावत होती, बसा म्हटलं ना, चहा येतोय. अनुसयानं टेबलाची कड धरली. बाळंतपणाच्या वार्डात बाळाचं नाव विचारायला आलेल्या क्लार्कला तिनं हे नाव पहिल्यांदा सांगितलं होतं तेव्हा किती वेळा म्हणून बघितलं होतं, चांगलं वाटतंय का ऐकायला.

"हर्षल अनुसया दगडू लोखंडे."

ढेकळेंची बोटं कळांवर थांबली. "ऐकू आलं नाही, सिस्टर," ते म्हणाले. आलं असावं. तिला माघार घ्यायला त्यांनी वेळ दिला असावा.

अनुसयानं ते पुन्हा सांगितलं. पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.